हमरापूरचा ‘पू’ ऱ्हस्व की दीर्घ?



आजचा विषय भांडणाचा आहे. घाबरू नका; हे भांडण शेताच्या बांधाचे नाही, पाण्याच्या पाळीचे नाही आणि ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचे तर नाहीच नाही. हे भांडण एका वेलांटीचे आणि एका स्वल्पविरामाचे आहे. त्यात कुणाची डोकी फुटत नाहीत, चहा मात्र पुष्कळ संपतो.

रायगड जिल्ह्यातले पेण आणि त्याच्या भोवतीची गावे तुम्हांपैकी बहुतेकांना ठाऊक असतील. नसतील तर निदान तिथला गणपती तुमच्या घरी येऊन गेलेला असेल. पेणहून पनवेलच्या बाजूला निघाले की महामार्गालगत हमरापूर लागते. जवळपास जोहे, कळवे, तांबडशेत ही गावे. या साऱ्या टापूत गणपतीच्या मूर्ती घडवण्याचे कारखाने आहेत. कारखाना म्हटले म्हणून धुराडे आणि भोंगा डोळ्यांपुढे आणू नका. इकडे कारखाना म्हणजे घराची पडवी, नाहीतर मांडव, नाहीतर पत्र्याची लांबलचक शेड, आणि तिच्यात रांगेने बसलेले गणपती. कुणाचा हात साच्यावर, कुणाचा घासकागदावर, कुणाचा रंगाच्या कुंचल्यावर. हात गुंतलेले आणि तोंड मोकळे! अशा ठिकाणी वाद रंगला नाही तरच नवल.

आता अशा एखाद्या कारखान्याबाहेर लावायला नवी पाटी आली आहे असे समजा. पाटीवर लिहिले आहे: ‘सुबक गणेश मुर्ती मिळतील. प्रसिध्द मुर्तीकार. मु. पो. हमरापुर.’ आणि नेमके त्याच वेळी गावातले निवृत्त गुरुजी तिथे टेकले आहेत. पुढे काय होते ते सांगतो. माणसे मी कल्पिलेली आहेत, पण वादातले शब्द पुरते खरे आहेत, आणि असला वाद महाराष्ट्रात रोज कुठल्या ना कुठल्या पाटीखाली चालू असतो.

गुरुजी चष्मा पुसतात आणि म्हणतात, “अरे, एवढ्याशा पाटीत चार चुका! ‘मूर्ती’तला ‘मू’ दीर्घ हवा. ‘प्रसिद्ध’मध्ये द आधी आणि ध नंतर, तुम्ही ध-ला आधी आणून बसवलेत. ‘हमरापूर’चा ‘पू’ दीर्घ. आणि ‘मूर्तिकार’मधली ‘ति’ ऱ्हस्व.”

पाटी रंगवणारा तरुण म्हणतो, “थांबा गुरुजी. एका दमात सांगता, ‘मूर्ती’तली ‘ती’ दीर्घ आणि ‘मूर्तिकार’मधली ऱ्हस्व?”

“बरोबर.”

मग कोपऱ्यात डोळ्यांची आखणी करीत बसलेले म्हातारे कारागीर मान वर न करता विचारतात, “म्हणजे गुरुजी, देवाला दीर्घ नि आमाला ऱ्हस्व? यो कंचा न्याव?”

श्रोतेहो, या प्रश्नावर गुरुजींनाही हसू येणारच. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचे उत्तर देता येते आणि ते सोपे आहे. ‘मूर्ति’ हा मूळचा संस्कृत शब्द, आणि संस्कृतात त्याची शेवटची वेलांटी ऱ्हस्व. मराठी माणूस बोलताना शब्दाच्या शेवटची ‘इ’ लांबवतो. आपण कवी म्हणतो, हरी म्हणतो, मूर्ती म्हणतो. तेव्हा मराठीत एकटा शब्द आला की तो दीर्घ लिहायचा असे ठरले. पण तोच शब्द समासात पहिला येऊन बसला, म्हणजे त्याच्या पुढे दुसरा शब्द चिकटला, की मग तो आपल्या मूळ रूपात राहतो. म्हणून कवी, पण कविसंमेलन. बुद्धी, पण बुद्धिबळ. मूर्ती, पण मूर्तिपूजा, मूर्तिकला आणि मूर्तिकार. प्रत्यय लागला तर मात्र दीर्घच: मूर्तीला, मूर्तीचा, मूर्तीत. देव-माणूस असा भेदभाव त्यात नाही. ‘मूर्ति’ पुढे उभी असेल आणि तिच्यामागे आणखी कुणी तिचा हात धरून उभा असेल, तर तिने वेलांटी आखडून त्याला जागा करून द्यायची, एवढेच.

आता ‘हमरापूर’चा ‘पू’. पाटीवाल्या तरुणाची बाजू अगदीच लंगडी नाही, कारण हिंदीत ‘पुर’ ऱ्हस्व लिहितात. पुष्कळ रेल्वे स्थानकांच्या पाट्यांवर एकाच गावाचे नाव मराठीत ‘पूर’ आणि हिंदीत ‘पुर’ असे दोनदा लिहिलेले असते. दोन्ही लिपी देवनागरी, गाव एकच, आणि दोन्ही बरोबर! मराठीपुरता नियम असा की गावाच्या नावातला ‘पूर’ नेहमी दीर्घ: नागपूर, सोलापूर, तारापूर, हमरापूर. पण इथेही एक गंमत आहे. मी म्हणतो, ‘हमरापूरचा माणूस हमरापुरात भेटला.’ या एका वाक्यात तोच ‘पू’ आधी दीर्घ आणि मग ऱ्हस्व. ‘हमरापूरचा, हमरापूरला’ म्हणताना ‘पूर’ जसाच्या तसा राहतो आणि पुढे प्रत्यय जोडला जातो. ‘हमरापुरात’ म्हणताना शब्दाचे शेपूट हलते, ‘र’चा ‘रा’ होतो, आणि ओझे पुढे सरकले की मागचा उकार हलका होतो. कानाने पडताळून पाहा. फूल, पण फुलाचा. दूध, पण दुधात. नदीला पूर येतो, पण माणूस पुरात सापडतो. हे कुणा पंडिताने लादलेले नाही. आपण बोलतोच तसे. नियमाने फक्त त्याची नोंद केली.

सगळेच नियम असे कानाला पटणारे असते तर भांडण कशाला उरले असते? ‘गरीब’ शब्द घ्या. गरीब, पण गरिबाला. आणि ‘शरीर’ घ्या. शरीर, शरीराला. इथे दीर्घ तशीच राहते, कारण शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आलेला. कुणीही विचारील की गरिबाचीच वेलांटी का कापली? त्यावर कारखान्यातले म्हातारबाबा सांगतील, “वकिलाचीपन कापलीय, मंग झालं तर!” आणि खरेच, वकील, पण वकिलाला. एवढ्यापुरता तरी कायदा सर्वांना सारखा आहे.

बरे, या वेलांट्या एवढ्या महत्त्वाच्या होत्या का हो? आपल्या पणजोबांना विचारता आले असते तर त्यांनी कपाळाला हात लावला असता. तुमच्या घरात जुने खरेदीखत असेल, ते उघडून पाहा. ते मोडीत असेल. आधी आडवी रेघ ओढून घ्यायची आणि तिच्याखाली, होता होईल तो हात न उचलता, झरझर लिहीत सुटायचे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळीत नसत. दोन शब्दांत जागा नसे. स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही. देवनागरी पोथीत निदान ओवी संपल्यावर उभे दंड येत. मोडीत तेही नाहीत. अशा लिपीत शिवकाळापासूनचा कारभार चालला, पेशव्यांचे हिशेब झाले, जमिनी विकल्या गेल्या, सोयरिकी जमल्या.

आणि एका अक्षराने घोटाळा झाल्याची मराठीतली सर्वांत प्रसिद्ध गोष्टही त्याच काळातली. ‘ध’चा ‘मा’! ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. गारद्यांना दिलेल्या हुकुमात ‘धरावे’ होते, त्याचे कुणीतरी ‘मारावे’ केले आणि तो ठपका आनंदीबाईंच्या माथी बसला, अशी कथा घराघरांत सांगतात. ही लोकांनी जपलेली कथा. तिला इतिहासाचा पुरावा समजू नये. पण लोकांनी ती अडीचशे वर्षे जपली यातच सगळे आले. अक्षर बदलले की माणसाचे नशीब बदलू शकते, हे लोकांना व्याकरण न शिकता कळले होते.

छापखाने आले आणि भांडणाला खरा रंग चढला. हाताने लिहिलेल्या पत्रात ज्याचे लेखन त्याच्यापाशी. छापील पुस्तक मात्र हजारो हातांत जायचे, शाळेत शिकवले जायचे. मग एकच शब्द दहा तऱ्हांनी कसा चालेल? १८३१ साली मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश निघाला. १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध झाले. १९११ साली मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ आले. तो जाडजूड ग्रंथ आजही वाद मिटवायला काढतात आणि पुष्कळदा त्यातूनच नवा वाद निघतो. लोकमान्य टिळकांना राजकारणाची कामे थोडी होती का? तरी १९०४ साली त्यांनी ‘केसरी’त मराठीच्या लेखनपद्धतीवर लेख लिहिले. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी तर बाराखडीलाच हात घातला: इ, ई, उ, ऊ ही वेगळी अक्षरे कशाला, ‘अ’लाच वेलांटी आणि उकार द्या, म्हणजे छापखान्याचे खिळे वाचतील. ‘किर्लोस्कर’ मासिक बरीच वर्षे त्या पद्धतीने छापले जाई. त्या पद्धतीत गणपतीचा उंदीर ‘अुंदीर’ होतो. आणि पेण तालुक्यातल्या लोकांनी हे आवर्जून लक्षात ठेवावे की त्यांच्याच गागोदे गावी १८९५ साली जन्मलेल्या विनोबांनीही ‘लोकनागरी’ नावाची सुधारलेली लिपी चालवून पाहिली. म्हणजे वेलांटीवरून वाद घालणारे लोक रिकामटेकडे होते असे म्हणायची सोय नाही.

सर्वांत मोठी लढाई झाली ती अनुस्वारावर. जुनी पुस्तके उघडलीत तर तुम्हाला दिसेल: ‘घरांत’, ‘पांच’, ‘कांहीं’, ‘केलें’, ‘मी जातों’. शब्दाच्या डोक्यावर टिंबच टिंब, पावसाळ्यात विजेच्या दिव्याभोवती किडे जमावेत तसे! ही टिंबे पुष्कळशी बोलण्यात येत नसत. मग ती लिहायची कशाला, असे एक पक्ष म्हणे. दुसरा पक्ष म्हणे, त्यांत शब्दाचा इतिहास आहे आणि अर्थही आहे. हे दुसरे म्हणणे पोकळ नव्हते. पूर्वी माणसाचे ‘नांव’ टिंबाचे आणि खाडीतली ‘नाव’ बिनटिंबाची. आज दोघी सारख्याच. धरमतरच्या खाडीकाठच्या माणसाला ‘तुझे नाव कोणते’ असे लिहून विचारले, तर तो आपले नाव सांगेल की आपल्या होडीकडे बोट दाखवील? विनोद सोडला तर असा घोटाळा फारसा होत नाही, मागचापुढचा संदर्भ सांभाळून घेतो, हेही खरे.

मराठी साहित्य महामंडळ १९६१ साली स्थापन झाले. त्याने लेखनाचे १४ नियम केले, ते महाराष्ट्र शासनाने १९६२ साली मान्य केले आणि ही न उच्चारली जाणारी टिंबे एकदम पुसली गेली. १९७२ साली आणखी ४ नियम आले; असे मिळून १८. आज शाळेत चालतात ते हेच. पुढे ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने वर्णमाला ठरवून दिली आणि बॅट-बॉलमधल्या ‘ॲ’ आणि ‘ऑ’ या स्वरांना तिच्यात रीतसर पाट मांडला. शिक्षक बंधुभगिनींना हे पाठ असेल. मी सांगतो आहे ते इतरांसाठी: नियम म्हणजे वेदवाक्य नव्हे. माणसांनी एकत्र बसून, वाद घालून, मते मोजून केलेला तो करार आहे. करार पाळायचा असतो, आणि त्याच्यावर कुरकुर करायलाही पूर्ण मुभा असते.

वेलांटीचे पुष्कळ झाले. आता विरामचिन्हांकडे वळतो. ही चिन्हे मराठीत आली इंग्रजांबरोबर. मेजर थॉमस कँडी नावाचा लष्करी अधिकारी मराठी शिकला, मोल्सवर्थच्या कोशाच्या कामात राबला, आणि १८५० साली त्याने ‘विरामचिन्हांची परिभाषा’ असे पुस्तकच लिहिले. स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह ही मंडळी मराठीत नांदायला आली ती तेव्हापासून. दीडशे वर्षे शाळेत त्यांचा सराव झाला, आणि आता मोबाइलवरच्या निरोपांनी पुन्हा मोडीचे दिवस आणले आहेत. ना टिंब ना रेघ, एक लांबच लांब ओळ.

त्यात नुकसान काय, असे म्हणाल तर हमरापूरच्याच कामाचा दाखला देतो. मुंबईच्या गिऱ्हाइकाचा निरोप येतो: ‘मूर्ती आज नको उद्या पाठवा’. आता वाचा. ‘मूर्ती आज नको, उद्या पाठवा.’ म्हणजे आज घाई करू नका. किंवा: ‘मूर्ती आज, नको उद्या, पाठवा.’ म्हणजे आजच्या आज टेम्पो निघाला पाहिजे! शब्द तेच, क्रम तोच. एक स्वल्पविराम ‘नको’च्या मागे उभा राहतो की पुढे, एवढ्यावर सगळे. आणि परवा चतुर्थी असेल तर? साखरपुडा आठवडाभर पुढे ढकलता येतो. गणपतीची चतुर्थी ढकलता येत नाही. चौरंग मांडलेला, मखर तयार, आणि मूर्ती हमरापुरात. अशा वेळी त्या घरातल्या माणसाला स्वल्पविरामाची किंमत विचारावी.

बोलताना हा घोटाळा होत नाही, कारण तिथे आवाज आपोआप थांबतो, चढतो, उतरतो. स्वल्पविराम म्हणजे कागदावर ठेवलेला श्वास. मी आत्ता तुमच्याशी बोलताना कितीदा थांबलो ते मोजा; तेवढे स्वल्पविराम झाले. उलट आकाशवाणीवर एक मोठे सुख आहे: इथे शुद्धलेखनाची चूक करताच येत नाही! मघापासून मी ‘मूर्तिकार’ म्हणतो आहे. त्यातली ‘ति’ मी ऱ्हस्व उच्चारली की दीर्घ, हे तुमच्यापैकी कुणाला सांगता येईल? पण हे भाषण पुस्तिकेत छापले जाईल, तेव्हा मात्र तांबडी शाई घेऊन बसलेले वाचक माझी वाट पाहत असतील. त्यांना सांगून ठेवतो की ‘ऱ्हस्व’ हा शब्दसुद्धा कुणी ‘ऱ्हस्व’ लिहितात आणि कुणी संस्कृताप्रमाणे ‘ह्रस्व’. ज्याने मोजायचे त्या मापातच वाद!

चिन्हांची आणखी एक गंमत लग्नपत्रिकेवर दिसते. पोथीत देवाच्या नावाच्या दोन्ही अंगांना दोन-दोन उभे दंड घालीत: ॥ श्री ॥. हल्ली कळफलकावर दंड सापडला नाही की लोक त्याच्या जागी उद्गारचिन्हे ठोकून देतात: ‘!! श्री !!’ पोथीतला शांत देव दचकून उठल्यासारखा दिसतो. हे पाहून चिडावे की हसावे? मी हसतो. पत्रिका घेऊन आलेल्या वधूपित्याला व्याकरण ऐकवणे बरे दिसत नाही.

पण श्रोतेहो, हे सगळे हसणे-खिदळणे जिथे थांबते अशी एक जागा आहे, आणि आता थोडे तिथे बसायचे आहे. ती जागा म्हणजे शाळेचा वर्ग.

पेण-हमरापूरच्या पट्ट्यात घरोघरी आगरी बोली बोलतात. या बोलीत ‘ण’चा ‘न’ होतो, ‘ळ’चा ‘ल’ होतो. पाणी म्हणजे पानी, नारळ म्हणजे नारल, डोळा म्हणजे डोला. कारखान्यात आजोबा ‘गनपतीचं डोलं’ आखतात आणि ते डोळे असे आखतात की पाहणाऱ्याचा हात आपोआप जोडला जातो. त्यांची नात पहिलीत जाते. गुरुजी श्रुतलेखन घालतात: ‘पाणी’. ती लिहिते ‘पानी’. तिच्या कानाची काही चूक नाही. जन्मापासून जो शब्द ऐकला तो तिने इमानाने कागदावर उतरवला. इथे जर वर्ग खो-खो हसला आणि शिकवणाऱ्यानेही त्यात सूर मिसळला, तर त्या मुलीला काय कळते? ‘ण’ कळतो का? नाही. तिला एवढेच कळते की आपल्या घरी बोलतात ते अशुद्ध आहे, आई अशुद्ध आहे, आजोबा अशुद्ध आहेत. मग ती हात वर करणे सोडते. गप्प बसलेल्या मुलाच्या वहीत चुका कमी सापडतात, कारण ते लिहीतच नाही.

कारखान्यातले भांडण आणि हे, यात मोठे अंतर आहे. तिथे गुरुजींनी चूक काढली तर म्हातारबाबा उलटा प्रश्न टाकू शकतात. दोघे बरोबरीचे आहेत, दोघांच्या हातात चहाचा पेला आहे. सहा वर्षांच्या मुलीला तांबड्या शाईला उलट प्रश्न विचारता येत नाही.

तिच्या वतीने तो प्रश्न मीच विचारतो. आपण शहरचे, शिकलेले लोक, लिहितो तसे बोलतो का? ‘षट्कोन’मधला ‘ष’ आणि ‘शहाळे’मधला ‘श’ आपल्यापैकी किती जणांच्या तोंडी वेगळे येतात? पण लिहिताना आपण ते वेगळे लिहितो, कारण आपण ते पाहून पाठ केले आहेत. ‘ज्ञान’ लिहितो आणि ‘द्न्यान’ म्हणतो. ‘चार म्हशींना चारा घाल’ या वाक्यात ‘च’चे दोन निरनिराळे उच्चार करतो आणि दोन्ही एकाच अक्षराने लिहितो, त्यावर कुणी तांबडी रेघ ओढीत नाही. म्हणजे बोलणे एक आणि लिहिणे एक, ही फारकत सगळ्यांच्याच घरी आहे. आगरी मुलीला जो ‘ण’ शिकायचा आहे, तो आपण ‘ष’ जसा शिकलो तसाच शिकायचा आहे: कानाने नव्हे, डोळ्याने. तेव्हा शिक्षक मित्रांनी ‘पाणी’ हा शब्द आधी फळ्यावर लिहून दाखवावा, पोरांना निरखू द्यावा, मग झाकावा आणि मग लिहायला सांगावा. घरी ‘पानी’ म्हणा, वहीत ‘पाणी’ लिहा, असे सरळ सांगितले तर मुलांना त्यात काही अवघड वाटत नाही. शेतात जायची वहाण वेगळी आणि लग्नात घालायची वेगळी, हे त्यांना कधीच ठाऊक असते. पुष्कळ जाणकार हल्ली ‘शुद्धलेखन’ न म्हणता ‘प्रमाणलेखन’ म्हणतात, ते मला पसंत आहे. शुद्ध-अशुद्ध हे शब्द तुपाला आणि पाण्याला लावावेत.

आणि मुलांनाही या भांडणात बरोबरीने घ्या. गावातून एक फेरी काढा. दुकानांच्या, दवाखान्याच्या, बसथांब्याच्या पाट्या वाचू द्या आणि त्यांनाच ठरवू द्या की कोणती वेलांटी कुठे चुकली आणि का. दुकानदाराला चिडवायचे नाही, एवढी अट घालावी. ज्या पोराने ‘प्रसिध्द’मधला उलटलेला ‘ध’ एकदा स्वतः पकडला, त्याला तो जन्मभर पुन्हा सांगावा लागत नाही. शिवाय फेरीत कुणीतरी असा प्रश्न विचारील की गुरुजींनाच घरी जाऊन पुस्तक काढावे लागेल.

असा एक प्रश्न मी तुमच्याकडेच सोडतो. एक नदी, दोन नद्या. एक गाडी, दोन गाड्या. मग एक मूर्ती आणि दोन काय? व्याकरण सांगते, दोन मूर्ती; कारण शब्द संस्कृतातला, मुळात ऱ्हस्व इकाराचा, आणि असे शब्द अनेकवचनात बदलत नाहीत. व्यक्ती, शक्ती, मूर्ती. पण कारखान्यात जाऊन पाहा, तिथे पुष्कळांच्या तोंडी ‘मूर्त्या’ येते. अडाणीपणाने नव्हे, सोयीने. गिऱ्हाईक लिहिते, ‘मूर्ती पाठवा’. आता एक पाठवायची की पन्नास? ‘मूर्त्या पाठवा’ लिहिले असते तर निदान एकापेक्षा जास्त हव्या आहेत एवढे तरी कळले असते. गुरुजी म्हणतील, “तिथे आकडा घालावा: ‘५० मूर्ती पाठवा’.” म्हातारबाबा म्हणतील, “आकडा घालायचाय तर घाला, पन आमची मूर्त्या का मोडता?” तुमचा कौल कुणाकडे पडतो ते आकाशवाणीला पत्राने कळवा. पत्रात गावाचे नाव लिहाल, तेव्हा ते ‘पूर’ने संपत असेल तर जरा जपून.